लव्हडेची खंडणी

सेनारा ट्रेगीअर दोन्ही हातांत एकेक गरम पॅस्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, घेऊन परत आली, तर बाकावर आई नव्हती. आईची चाच्याची टोपी तेवढी होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला एक जाडजूड गृहस्थ आपल्या बायकोच्या नाकाला उन्हाचं मलम चोपडत होता.

“इथं एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. कुठं गेल्या, पाहिलंत का?”

“पळवल्या चाच्यांनी,” तो म्हणाला आणि बायकोकडे पाहून हसला.

जत्रेच्या दिवशी पोल्वेरनमध्ये या प्रश्नाला हेच उत्तर देतात. नवरा कुठाय, पळवला. किल्ल्या कुठायत, पळवल्या. पाद्रीबुवा प्रार्थनेला उशिरा आले तरी तेही पळवलेलेच असतात. कधीकाळी समुद्रावरून आलेल्या चाच्यांनी कॉर्नवॉलच्या या किनाऱ्यावरून खरीखुरी माणसं उचलून नेली होती म्हणतात. आता त्याची मजा उरली आहे. वर्षातून एकदा सगळं गाव कमरेला लाल पट्टा बांधून, गालावर काजळाची जखम काढून धक्क्यावर जमतं आणि आपणच आपल्याला लुटून घेतं.

सेनारानं टोपी उचलून काखेत धरली आणि इकडेतिकडे पाहिलं. पाहून काय होणार होतं? जिकडे नजर जाईल तिकडे चाचे होते. आईच्या कमरेला लाल कापडाचा, काळ्या काठाचा पट्टा होता आणि तसलाच पट्टा समोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला होता. कारण गावातले निम्मे पट्टे आईनंच वर्षानुवर्षं बसून शिवले होते.

ती फक्त पॅस्टीच्या रांगेत उभी राहिली होती. रांग हलत नव्हती, पुढची बाई एकेका पॅस्टीत कांदा किती आहे याची चौकशी करत होती, आणि तेवढ्यात तोफ उडाली. धक्का धुरानं भरून गेला, लोक ओरडले. आवाजानं आई दचकेल असं सेनाराच्या मनात आलं होतं. तरी ती रांगेतच राहिली, कारण आता नंबर आलाच होता. ही गोष्ट ती स्वतःला नंतर पुष्कळदा सांगणार होती.

आईला विसरायला होऊ लागलं त्याला आता बरेच दिवस झाले होते. आधी चहात मीठ पडलं, मग शेजारणीचं नाव गेलं. वसंतात एकदा ती भल्या सकाळी बादली घेऊन टोकाच्या खडकांवर शिंपल्या गोळा करायला गेली आणि भरती चढली तरी तिथंच वाकून उभी राहिली. सेनारा पोचली तेव्हा पाणी आईच्या गुडघ्यांवर आलं होतं आणि आई शांतपणे म्हणत होती की बाबांना जेवायला वेळ आहे अजून. बाबांना जाऊन किती वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी घरी येताना आईनं तिचा हात घट्ट धरला होता. तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती, नेहमीची तिखट लव्हडे. “गावाला कळता कामा नये,” ती म्हणाली. “कळलं की मी लव्हडे राहणार नाही. बिचारी लव्हडे होईन. मला तसलं मरण नको. वचन दे.” सेनारानं दिलं. तेव्हापासून ती आईच्या मागेमागे सावरत फिरायची, आई बोलताना अडली की शब्द पुरवायची, कुणी घरी येतो म्हणालं की डोकेदुखीचं निमित्त सांगायची. गावाला वाटायचं, पोरगी आईला कुठं मोकळेपणानं बसूच देत नाही. जत्रेला आणायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं, पण आई सकाळी स्वतःच कमरपट्टा बांधून दारात तयार होऊन बसली, आणि सेनाराचं मन विरघळलं.

सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या तंबूपाशी टपालवाली मेरिन उभी होती, हाताला खोट्या बेड्या, चेहरा पडलेला.

“मेरिन, आई दिसली का तुला?”

“पळवली असेल गं.”

“मेरिन, खरंच विचारतेय.”

“मग मीही खरंच सांगते. तुझ्या आईला काय होणार आहे? या धक्क्यावरच्या उंदरांनासुद्धा ती नावानं ओळखते. माझी गंमत बघ. यंदा ओलीस म्हणून मी जायची, ठरलेलं होतं. बेड्या घालून पायऱ्यांवर वेळेवर हजर राहायचं होतं. मी जरा एक पेला घ्यायला इकडे आले, तर मेले मला न घेताच गेले. आता सांग, माणसानं वर्षभर वाट बघायची आणि...”

सेनारा पुढे गेली होती. मेरिनचं गाऱ्हाणं तिच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, खडक. आज उधाणाची भरती होती. होड्या पार वरच्या पायरीला लागाव्यात म्हणून जत्रा उधाण बघूनच धरतात. म्हणजे खडकही आज लवकर बुडणार होते.

ती पळत सुटली. चाच्याच्या वेषात गर्दीतून पळणाऱ्या बाईला लोक आनंदानं वाट देत होते, कुणी टाळ्या वाजवत होते, एकानं तर लाकडी तलवार तिच्या वाटेत आडवी धरली. “थांब, कुठली लूट घेऊन पळतेस?” तिनं तलवार ढकलली. तो “शाबास” म्हणाला. तिला रडू यायला लागलं होतं आणि राग तर इतका आला होता की त्या तलवारीनं त्यालाच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. ज्या कपड्यांत ती होती त्या कपड्यांत तिचं कुणी काही खरं मानणार नव्हतं. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर एका समुद्रपक्ष्यानं झडप घालून तिच्या डाव्या हातातली पॅस्टी पळवली, आणि त्यावरही लोक हसले.

ती टोकाला पोचली. शेवटून दुसऱ्या खडकावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, लाल पट्टा बांधलेलं कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं, खाली वाकून.

“आई!”

ती शेवाळावरून घसरत, एक गुडघा फोडून घेत, कमरेपर्यंत भिजत तिथवर गेली आणि तिनं त्या खांद्याला धरलं. दाढीवाल्या एका परगावच्या माणसानं वळून पाहिलं. त्याच्या मांडीवर बटाट्याच्या चिप्सचा कागद होता.

“मला पळवताय का?” त्यानं आशेनं विचारलं.

“भरती चढतेय,” सेनारा म्हणाली. “उठा इथून.” तिचा आवाज असा काही निघाला की तो मुकाट्यानं उठला आणि चिप्स सांभाळत किनाऱ्याकडे चालू लागला.

आई तिथं नव्हती. आणि यात सुटल्यासारखं वाटून घ्यावं की घाबरावं हेच तिला कळेना. नव्हती म्हणजे आलीच नव्हती, की आली होती आणि आता पाण्याखाली होती? शेवटचा खडक तर आधीच बुडाला होता, तिथं नुसता पांढरा फेस येत होता. ती त्या फेसाकडे बघत राहिली. उजव्या हातात अजून एक पॅस्टी आहे हेही तिला आत्ता कळलं.

टोकाच्या वरच, चढावावर, टेहळणीची खोली आहे. तिथं गावातले निवृत्त लोक पाळीपाळीनं बसून समुद्रावर नजर ठेवतात. आज हेडली बोसांकोची पाळी होती. सेनाराच्या बाबांबरोबर आयुष्यभर एका होडीवर काढलेला माणूस. दारात ओलीचिंब सेनारा पाहून त्यानं आपला पत्र्याचा आकडा लावलेला हात वर केला.

“काय गं, बुडवलं वाटतं तुला?”

“हेडली, आई सापडत नाही.”

“पळवली...”

“नका,” सेनारा म्हणाली. “नका ना तसं म्हणू.”

तो थांबला, पण हसू अजून ओठांवर होतं. “अगं, लव्हडे आहे ती. सगळ्या गावाला हरवून ती एकटी सापडेल.”

बोलायचं की नाही हे ठरवायला फार वेळ नव्हता. खिडकीतून खडक दिसत होते, आता त्यांतला एकही उरला नव्हता. वचन दिलं तेव्हा आईनं हात कसा धरला होता ते सेनाराला आठवलं. आता ते वचन आपण मोडतोय हे तिला नीट कळत होतं, आणि आईनं नंतर विचारलं तर? या विचारानं तिला जास्तच भडभडून आलं, कारण आई नंतर विचारणार नव्हती. तिला वचन घेतल्याचं आठवतच नव्हतं.

“तिला आठवत नाही, हेडली,” ती म्हणाली. “वर्ष होऊन गेलं. कधीकधी घर आठवत नाही, बाबा गेलेत हे आठवत नाही. मागे ती या खडकांवर होती, पाण्यात. मी सगळ्यांपासून लपवलं, तिनंच सांगितलं होतं. मी तिला बाकावर बसवलं आणि पॅस्टी आणायला गेले. तोफ उडाली. आता ती कुठंच नाही.”

हेडलीच्या ओठांवरचं हसू गेलं. आकडा हातातून निघेना म्हणून त्यानं तो दातांनी ओढून काढला, फेकला आणि वायरलेस उचलला. वायरलेसच्या खरखरीत त्यानं होड्यांना एकेक करून हाक दिली, लव्हडे, लाल कमरपट्ट्याची म्हातारी बाई, पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला, ताबडतोब कळवा. पहिली होडी नाही म्हणाली. दुसरीही नाही म्हणाली. सेनारानं टोपीची कड इतकी पिळली की टाके उसवले.

मग जॅगोचा आवाज आला. जॅगो म्हणजे यंदाचा चाच्यांचा कप्तान, एरवी गावातला नळ दुरुस्त करणारा.

“लव्हडेला शोधताय? इथंच आहे की. आमची ओलीस.”

सेनारा मटकन खुर्चीवर बसली.

“तुझ्या होडीत कशी आली ती?” हेडलीनं विचारलं.

“स्वतःच्या पायांनी. आम्ही धुरात पायऱ्यांना लागलो, मेरिनचा पत्ता नाही. ही सरळ पायऱ्या उतरून आली आणि फळीवर बसली. म्हणाली, मला न्या इथून, या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही. काय काम करते राव, एवढं बेमालूम मेरिनला जन्मात जमलं नसतं. आता भरती शिगेला आली की आणतो खंडणीला. तिच्या पोरीला म्हणावं, तयार राहा.”

हेडलीनं सेनाराकडे पाहिलं. “जॅगो,” तो म्हणाला, “तिला मध्ये बसव. जॅकेट घाल. आणि हळू आण, समजलं का? अंडी आणतोयस असं समज.”

“होय हो, आजोबा.”

हेडलीनं वायरलेस खाली ठेवला. मग म्हणाला, “एवढं एकटीनं उचललंस. मला सांगायचं होतंस.” सेनारानं नुसती मान हलवली. आई जिवंत होती. होडीत होती, कोरडी होती. एवढ्यावर तिनं खूश असायला हवं होतं, आणि ती होतीही. पण जॅगोनं सांगितलेलं ते वाक्य कानांतून जात नव्हतं. ओळखीचं कुणी नाही.

खंडणीचा रिवाज असा. कप्तान ओलिसाला पायऱ्यांवर उभं करतो. सोडवायला आलेल्या माणसानं काहीतरी खायचं द्यायचं. मग कप्तान विचारतो, हा तुझा कोण? ओलिसानं दोनदा नाही म्हणायचं, ओळखत नाही म्हणायचं, जमेल तेवढं तोंड वाकडं करून. तिसऱ्यांदा नाव सांगायचं. आणि सोडवणाऱ्यानं मधे अवाक्षर काढायचं नाही. लोक याच भागासाठी येतात. गेल्या साली पाद्रीबुवांच्या बायकोनं नवऱ्याला दोनदा नाकारलं तेव्हा ते खरोखरच घामाघूम झाले होते.

सेनारा नऊ वर्षांची असताना आई ओलीस झाली होती. आईनं तिच्याकडे बघून इतक्या कोरडेपणानं “कुणाची पोर ही?” म्हटलं की सेनारानं भोकाड पसरलं. गाव ते अजून सांगतं. घरी जाताना आईनं तिला कडेवर घेतलं होतं, एवढी घोडी झालेली असूनही, आणि सगळ्या रस्ताभर तिचे मुके घेत म्हणत होती, “अगं वेडे, तुला विसरेन का मी?”

हेडली तिच्याबरोबर धक्क्यावर आला, खोली दुसऱ्याच्या हवाली करून. गर्दीनं त्यांना पुढे जाऊ दिलं. होडी खरंच हळू आली. नारिंगी जॅकेटवर लाल पट्टा बांधलेली आई मधोमध ताठ बसली होती, आणि वाऱ्यानं तिचे पांढरे केस विस्कटले होते. जॅगोनं तिचा हात धरून तिला वरच्या पायरीवर आणलं.

“ऐका, पोल्वेरनकर,” तो गरजला. “ही म्हातारी आम्ही भर दुपारी लुटली. हिला सोडवायला कोण आलंय?”

“मी,” सेनारा म्हणाली.

“खंडणी काय आणलीस?”

तिनं पॅस्टी वर धरली. थंडगार झालेली, एका कडेला समुद्राचं पाणी लागलेली. लोक हसले.

“बोल म्हातारे. ही बाई तुझी कोण?”

आईनं सेनाराकडे पाहिलं. “मी नाही ओळखत हिला,” ती म्हणाली.

हशा पिकला. मागून मेरिन ओरडली, “लव्हडे, पुन्हा रडवू नकोस पोरीला.”

“नीट बघ,” जॅगो म्हणाला. “ओली झालीय बिचारी, गुडघा फुटलाय. ही तुझी कोण?”

“सांगितलं ना. चेहरा चांगला आहे, पण मी हिला कधी पाहिलेलं नाही.”

लोक पोट धरून हसत होते. सेनारा आईच्या ओठांची कड शोधत होती. त्या वेळी, लहानपणी, ती कड जराशी हलली होती असं आईनंच नंतर सांगितलं होतं, तू नीट बघितलं असतंस तर कळलं असतं म्हणे. आज सेनारा नीट बघत होती. ओठ हलले नाहीत. आई तिच्याकडे बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तशी बघत होती. हे नाटक आहे, रिवाज आहे, आईला रिवाज पाठ आहे, असं सेनारा स्वतःला समजावत राहिली, आणि तिसऱ्या वेळेची तिला इतकी भीती वाटली की हा सगळा खेळ इथंच थांबावा असं तिला वाटलं. हेडली एक पाऊल पुढे सरकला. तिनं त्याची बाही धरून ठेवली.

“शेवटचं विचारतो,” जॅगो म्हणाला. “ही बाई तुझी कोण?”

गर्दी गप्प झाली. आता नाव यायचं. आईनं तोंड उघडलं, मिटलं. तिनं जॅगोकडे पाहिलं, मग पाण्याकडे. कप्तानसुद्धा वाट बघत राहिला. सेनाराच्या जिभेवर स्वतःचं नाव होतं, आईला नेहमीसारखं पुरवायला तयार, पण ते तिच्या तोंडून निघालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

आई वाकून तिच्याकडे बघू लागली.

“या रडतायत का?” तिनं जॅगोला विचारलं.

जॅगो गोंधळला. हे रिवाजात नव्हतं. “हो,” तो म्हणाला, “तसंच दिसतंय.”

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच असणार.”

“मग या माझ्याच कुणीतरी असतील,” आई म्हणाली. “चला, जाते मी यांच्याबरोबर.”

धक्का टाळ्यांनी दणाणून गेला. टोप्या हवेत उडाल्या, होडीवरून तोफ उडाली, मेरिन डोळे पुसत शेजारणीला सांगत होती की असं उत्तर आजवर कुणी दिलं नाही, लव्हडे ती लव्हडेच. अख्ख्या गावासमोर झालं आणि गावाला काही कळलं नाही. हेडली तेवढा टोपी छातीशी धरून उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

सेनारानं आईचा हात धरून तिला पायऱ्यांवरून बाजूला घेतलं. गर्दी मागे पडल्यावर आईनं तिच्या हातातली पॅस्टी घेतली, मोडली आणि मोठा तुकडा तिच्यापुढे केला.

“खा,” ती म्हणाली. “फार दमलेल्या दिसता. तुमचं घर लांब आहे का?”

“नाही,” सेनारा म्हणाली. “जवळच आहे.” तिनं काखेतली टोपी झटकली आणि आईच्या डोक्यावर नीट बसवली.